फोनमधलं आमचं दार

मुलाचा परदेशातून फोन आला, "आई, आपलं घर नेटवर दिसतंय." शेजारच्या सुमनने लगेच तिच्या फोनवर ते शोधून दाखवलं. टपावर कॅमेरा लावलेली गाडी गल्लीतून फिरली होती, तिने काढलेला फोटो.

गाडी नेमकी ह्यांना नेलं त्या दिवशी आलेली. दारात गोवऱ्या पेटल्यात, तीन दगडांवर पाणी तापतंय, आणि गल्लीतली माणसं उकिडवी बसून तिरडी बांधतायत. त्यांचे चेहरे यंत्राने पुसून टाकलेत. बांबू मात्र लख्ख दिसतात.

"कुणाला काय कळतंय, मावशी!" सुमन म्हणाली.

"न कळायला काय झालं? शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

मरण आम्ही लपवत नाही. सगळी गल्ली येते. पण येणारा चपला काढतो, खाली बसतो, रडू आलं नाही तरी मान खाली घालतो. ती गाडी थांबलीसुद्धा नाही.

मुलगा म्हणाला, "मी अर्ज करतो. ते आपलं घर धूसर करतात. पण मग ते पुन्हा दिसणार नाही."

आमच्यात लेकाने बघितल्याशिवाय तोंडावर कापड ओढत नाहीत. त्याला विमान मिळत नाही हे कळेपर्यंत आम्ही थांबलो होतो. दुपार उलटली, मग नेलं.

"तू नीट बघितलंस का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "बघितलं."

"मग आता झाक."