फोनवाल्या मॅडम

मॅडमचा उजवा कान मी कधी धड पाहिलाच नाही; त्याला कायम फोन चिकटलेला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ज्या हॉस्पिटलात आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भरती केलं, तिथे वॉर्डाच्या डॉक्टर म्हणून पेशंटांचं सगळं त्याच बघायच्या. मोठे डॉक्टर यायचे, मेंदूवाले, हृदयवाले, आपापला अवयव बघून निघून जायचे. अख्खा माणूस तेवढा मॅडमच्या वाट्याला.

अण्णा जन्मभर विंचूरच्या कांदा मार्केटात मापाडी. वजनात फरक नाही, बोलण्यात नाही. असा माणूस एका सकाळी पोटच्या पोराला ओळखेना! वॉर्डात पलंगावर बसून ओरडायचे, ‘ए, ट्रॅक्टर पुढं घे! मागं लाईन लागली!’ मला म्हणाले, ‘तू कोणत्या गावचा रे?’ माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. आत्या म्हणाली, म्हातारचळ लागला, आता हे असंच चालायचं. मेंदूचा फोटो काढला, तर तो चांगला आला. चांगला आला म्हणून हसायचं की रडायचं, तेच कळेना.

‘आधी कसे होते?’ मॅडमनी मला विचारलं.

‘चांगले होते.’

‘चांगले म्हणजे?’

आता काय सांगणार, कपाळ! मी नाशिकला नोकरीला, अण्णा गावी. फोनवर ‘जेवलात का’च्या पुढे आमची गाडी कधी गेली नाही. ‘बरं, घरचे डॉक्टर कोण?’ त्यांनी विचारलं आणि नंबर मागितला. अहो, गावातल्या डॉक्टरांवर भागायचं नाही म्हणून एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात यायचं, आणि इथल्या डॉक्टरांनी त्यांनाच फोन लावायचा? मी तसं तोंडावर बोललोसुद्धा. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुमचे अण्णा माझ्याकडे चार दिवसांचे पाहुणे. नांदायचंय त्यांना तिकडेच.’

असे फोन त्या पेशंटच्या घरच्या माणसासमोरच, स्पीकरवर लावायच्या. गावचे डॉक्टर पलीकडून म्हणाले, ‘मापाडी अण्णा? आणि भ्रमिष्ट? छे हो मॅडम! गेल्याच आठवड्यात माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून अख्ख्या मार्केटचे भाव सांगत होते. डोकं एकदम शाबूत. हां, पायांना सूज होती, प्रेशर वाढलं होतं, म्हणून लघवीची गोळी नव्यानं चालू केली मी.’

मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि मला म्हणाल्या, ‘म्हातारचळ असा आठवड्यात लागत नाही. रक्तातलं मीठ फार उतरलंय, हे मघाच दिसलं होतं. का उतरलं, ते आता कळतंय. गोळी बंद करू आणि मीठ हळूहळू वर आणू. घाई केली तर मेंदूला इजा होते.’

‘मग मला ओळखतील ना?’

‘बहुतेक.’

बहुतेक! त्या एका शब्दानं माझी झोप उडाली. त्यात मिठाचा घोळ वेगळाच. वर्षानुवर्षं घरात पापड-लोणच्यावर बंदी, मीठ कमी खा, मीठ कमी खा. आणि आता मीठ कमी पडलं म्हणून माणूस भ्रमात! कोणाचं खरं मानायचं? मॅडमनी दोनदा समजावलं. समजावताना सगळं पटायचं, त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या की पुन्हा सगळं गोल गोल.

एक मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं: गोळी गावच्या डॉक्टरांची, तेव्हा गुन्हेगार तेच. मी त्यांना झाडायला फोन काढला, तर मॅडमनी चक्क हातातून काढून घेतला. ‘भांडा तुम्ही. मग उद्या ते माझा फोन उचलणार नाहीत, आणि अण्णांचं पुढचं रक्त कोण तपासेल? तुम्ही?’ लगेच त्यांनी स्वतः फोन लावला. ‘सर, सूज उतरली ना तुमच्या गोळीनं? फक्त अण्णांना ती सोसली नाही. पुढे कोणती द्यायची, आपण दोघं मिळून ठरवू.’ पलीकडून डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, मी तेव्हाच रक्त बघायला हवं होतं.’ आता रागवायचं तरी कोणावर?

अण्णा हळूहळू माणसांत आले. एका दुपारी मला म्हणाले, ‘काय रे, ऑफिसला दांडी मारली का?’ मी वॉर्डात सगळ्यांदेखत रडलो. घरी सोडताना मॅडमनी कागद दिलाच, वर पुन्हा फोन. ‘कागद पिशवीत राहतो हो,’ त्या म्हणाल्या. घरच्या गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतून, एकेक पाकीट उचलून त्या गावच्या डॉक्टरांना विचारत होत्या, ‘ही ठेवू या? ही काढू?’ मुलीचं लग्न ठरवावं तशी बोलणी चालली होती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण पहिल्यांदाच धीर आला.

पुढे मॅडम नाशिक सोडून गेल्या. त्याआधी एकदा मी अण्णांना पेढे घेऊन मुद्दाम भेटायला नेलं. अण्णा आता खडखडीत बरे, गावभर सांगत सुटलेले, ‘आमच्या गावच्या डॉक्टरांनी वाचवलं मला.’ मॅडम समोर आल्या, फोन खाली घेतला, हसल्या. अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. ‘ह्या कोण रे?’

ज्या बाईनं त्यांना आमच्यात परत आणलं, तिचा, भ्रमातल्या त्या दिवसांसकट, मागमूससुद्धा त्यांच्या डोक्यात उरला नव्हता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमच म्हणाल्या, ‘मी तुमच्या डॉक्टरांच्या ओळखीची, अण्णा.’

अण्णांचा चेहरा खुलला. ‘मग असं सांगा की! लय गुणाचा माणूस हाय बघा तो. तुम्ही बी डॉक्टर ना? शिकून घ्या त्याच्याकडून.’

‘शिकतेय, अण्णा,’ मॅडम म्हणाल्या, पेढा तोंडात टाकला आणि मला डोळ्यांनीच दटावलं, गप्प बसा म्हणून.