चोचीची खूण शोधायला अक्षीला

ग्वाल्हेर ते अक्षी हा प्रवास मी एका शिंपल्यासाठी केला, हे आधीच सांगतो. माझी बायको सुमन शाळेत विज्ञान शिकवायची. दोन शाळा एकत्र केल्या तेव्हा तिची प्रयोगशाळा बंद झाली आणि शिंपल्यांचा डबा दाना ओली मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आला. त्यातल्या एकाची कड तुटकी होती. मी जन्मभर वर्कशॉपात काम केलेला माणूस. कानस घेतली आणि कड घासून गुळगुळीत करून दिली. सुमन बघतच राहिली.

"अहो, पक्ष्यानं चोच घालून उघडला होता तो! तीच खूण तर मी मुलांना दाखवायची." मग हसली. "आता दुसरा आणून द्या."

जाऊ जाऊ म्हणत राहिलो. गेल्या पावसाळ्यात ती गेली.

"बाबा, एका शिंपल्यासाठी इतक्या दूर? ऑनलाइन मिल जाएगा ना," मुलगी म्हणाली. पण वाटेसाठी पराठे तिनंच करून दिले.

ग्वाल्हेरहून थेट पनवेलची गाडी मिळते. पुढे एस.टी.नं अलिबाग, तिथून रिक्षा. शिंपले उघडणारे हे पक्षी हिवाळ्यातच येतात, म्हणून जानेवारीत जा. खोली जेवणासकट बाराशेला मिळाली. ओहोटीची वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवा. मी विचारली नव्हती. पहिली सकाळ भरतीचं पाणी बघण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी वाळूत शिंपले वेचणारी एक मावशी भेटली. मी उचललेला शिंपला तिनं उलटसुलट करून बघितला.

"ह्यो सुरीनं उघडलाय. कड सरळ हाय बग. पाखराची खरबरीत असते. कुठशी आलाव?"

"ग्वाल्हेरहून."

"ह्याच्यासाठी? बायको काय बोलली नाय?"

"तिनंच सांगितलं होतं."

मावशीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाण्याच्या कडेला बोट दाखवलं. काळा-पांढरा पक्षी, लांब केशरी चोच. त्यानं शिंपल्याच्या फटीत चोच घातली, दोन झटके दिले, आतलं मांस खाल्लं आणि पुढे चालू लागला. मी चपला हातात घेऊन धावलो.

"हळू, बाबा! शिंपल्याला पाय नाय फुटायचे!" मावशी मागून ओरडली.

शिंपल्याच्या कडेला नखाएवढा टवका उडाला होता.

परतल्यावर शिंपला एकत्र झालेल्या शाळेत नेऊन दिला. तिथल्या बाईंनी मलाच वर्गात उभं केलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं कडेवर बोट फिरवलं.

"सर, ये तो टूटा हुआ है."

चार माणसांत बोलणं मला कधी जमलं नाही. "नहीं बेटा," म्हणालो, आणि सांगायला लागलो. घंटा झाली तरी माझं चालूच होतं.