लाल चिठ्ठीची चुनी

संध्याकाळी कामावरून आले की भैयाजी धकाते आधी गोठ्यात जायचे. चपला काढण्याआधी, पाणी मागण्याआधी, शर्टाचे दोन्ही खिसे ते गाईच्या टोपल्यात उलटे करायचे. मक्याचे चार दाणे, सरकीच्या ढेपेचा तुकडा, मूठभर चुनी, म्हणजे डाळ भरडताना उरलेली टरफलं आणि कणी. शिवणीत अडकलेलं बोटानं उकरून काढायचे. ढवळी तेवढा वेळ मान वर करून थांबायची. तिला सवय झाली होती.

तांडापेठेत त्यांचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून आहे. आता जिथे गोठा आहे, तिथे त्यांच्या वडिलांचे दोन माग होते. मागाचे खड्डे बुजवले त्या दिवशी भैयाजी जेवले नव्हते, असं चंद्रकलाकाकू सांगतात. नंतर काही वर्षं ते कामठीला पॉवरलूमवर गेले, पण त्या आवाजात त्यांचं मन लागलं नाही. मग कळमन्याच्या पुढे एका पशुखाद्याच्या कारखान्यात लागले आणि तिथेच चौदा वर्षं राहिले.

काम नमुने काढण्याचं. मालाचा ट्रक आला की पोत्यात परखी खुपसायची. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी, तिच्यातून पोत्याच्या पोटातला माल बाहेर येतो. बाकीचे लोक हाताला येतील ती वरची पोती टोचत. भैयाजी थप्पीवर चढून मधली पोती ओढायला लावत. ड्रायव्हर वैतागत.

"अरे काका, सगळा माल एकच आहे ना गा."

"मंग मधातला पाहू दे. एकच आहे तं डर कायचा?"

काढलेला माल ताडपत्रीवर ओतायचा, ढीग करायचा, भाकरीसारखे त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन घ्यायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी उरलेल्या किलोभराची दोन पाकिटं व्हायची, एक तपासणीला, एक जपून ठेवायला. बाजूला काढलेले आठ-दहा किलो एका पोत्यात निकाल येईपर्यंत थांबायचे.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात रुचिका नावाची मुलगी केमिस्ट म्हणून आली. काटोलची, स्कूटीवर येणारी, भैयाजींच्या धाकट्या मुलीच्या वयाची. त्याच सुमारास कारखान्याचं खाद्य घेणाऱ्या एका डेअरीनं नवी अट घातली. खाद्यात तणनाशकाचा अंश किती आहे, त्याचा कागद दरवेळी हवा. ती तपासणी इथे होत नव्हती, पाकीट बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचं आणि आठ-दहा दिवसांनी निकाल यायचा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अंश जास्त निघाला की रुचिका त्या मालाला लाल चिठ्ठी लावायची. माल परत.

हरभऱ्याच्या चुनीला पहिली लाल चिठ्ठी लागली, तेव्हा भैयाजींनी विचारलं होतं, "मॅडम, दवाई तं तणावर मारतेत. दाण्यात कायले येईन?"

"आता पिकावरही मारतात भैयाजी. कापणीच्या आधी. पीक एकसारखं वाळलं की हार्वेस्टर लवकर चालतो. ते टरफलावर बसतं, आणि चुनी म्हणजे टरफलंच जास्त."

भैयाजींनी चुनी हातावर घेतली, चोळली, वास घेतला, जिभेवर ठेवली. "चांगली तं हाये," ते म्हणाले.

नियम असा होता की लाल चिठ्ठीच्या मालाचं जपून ठेवलेलं पाकीट आणि बाजूचं पोतं, दोन्ही मागच्या बॉयलरमध्ये टाकायचं. हे काम भैयाजींकडे होतं. आणि तिथेच त्यांची चूक झाली. ती समजून घ्यायची तर विणकराच्या घरातली एक रीत माहीत असावी लागते. लुगड्यात तार तुटलेली दिसली की इतवारीतला व्यापारी ते परत करायचा. परत आलेलं लुगडं कोणी जाळत नसे. ते घरातल्या बाईच्या अंगावर यायचं. भैयाजींच्या आईनं आयुष्यात एकही बिनदोषाचं लुगडं नेसलं नाही, आणि तिची सगळी लुगडी टिकली. परत आलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या कामाची नसते, आपल्या कामाची असते, हे ते लहानपणापासून बघत आले होते. लाल चिठ्ठीचं त्यांना तेवढंच कळलं. सायकलला पोतं बांधून ते घरी आणत. चंद्रकलाकाकूंनी विचारलं तर म्हणत, "जाळाले दिलं होतं. दाणा जाळते का कोणी?"

ढवळीनं ते साडेचार महिने खाल्लं. त्याच साडेचार महिन्यांत आमच्या गार्गीचं अंगावरचं पिणं सुटलं आणि तिला वरचं दूध सुरू झालं. गार्गी माझ्या भावाची मुलगी, तेव्हा चौदा महिन्यांची. रोज सकाळी सहाला भैयाजी अर्धा लिटर दूध भारतीवहिनीच्या भांड्यात ओतायचे आणि गार्गी जागी असली तर तिच्या टाळूवर पालथा हात ठेवून जायचे.

पुढचं रुचिकानं आम्हाला नंतर सांगितलं. एका दुपारी ती डेअरीचा फॉर्म भरत होती. भैयाजी पाकिटं ठेवायला आले आणि टेबलाशी थांबले.

"दोन रकाने काहून हायेत मॅडम?"

"हा खाद्याचा. हा दुधाचा."

"आपण तं दूध नाही बनवत."

"गाय खाते त्यातलं थोडं दुधात उतरू शकतं ना. म्हणून दुधाची मर्यादा वेगळी असते. खूप बारीक. लहान लेकरं दुधावरच असतात."

"वास येते का दुधाले?"

"नाही. वास नाही, चव नाही. मशीनलाच दिसतं."

भैयाजींनी फॉर्मवर बोट ठेवलं, जणू आकडा हाताला लागेल. "आणि लाल चिठ्ठीवालं गाईनं खाल्लं तं?"

"कोण देणार? ते तर बॉयलरमध्ये जातं," रुचिका हसत म्हणाली. मग तिनं वर पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, तेव्हा हातात बरणी नव्हती. वहिनी भांडं घेऊन दारात गेली.

"भांडं नको आणू वं माय. आजपासून दूध नाही देत."

"काहून काकाजी? आटली का ढवळी?"

"नाही. मी चुकलो."

आणि त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आपल्या बाजूचं एकही वाक्य त्यात नव्हतं. कारखान्याची चूक नाही, शेतकऱ्याचं नाव नाही. लाल चिठ्ठी काय असते, ती कोणी आणली, कोणाला खाऊ घातली, एवढंच.

"चार महिने?" वहिनीनं विचारलं.

"साडेचार."

"आणि रोज माह्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून जात होते तुम्ही."

"होय."

"तुमच्या नातवाले पाजलं असतं का?"

"माह्या पोरीचं, मिनलचं पोरगं दिवाळीले इथंच होतं. तेही हेच पेत होतं. मले माहीत नव्हतं, पण विचाराले पाहिजे होतं. विचारलं नाही."

वहिनीनं दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं. ती आत येऊन ओट्याशी उभी राहिली आणि झोपलेल्या गार्गीकडे बराच वेळ पाहत राहिली. त्याच दिवशी ती गार्गीला डॉक्टरकडे घेऊन गेली. वजन, पोट, डोळे, सगळं ठीक होतं. दुधाचा रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर म्हणाले, तोवर घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यानं कोण घाबरायचं थांबतं?

भैयाजींनी ढवळीच्या दुधाची बाटली रुचिकाकडे नेली. नमुना पाठवायचा तर नोंद करावी लागणार होती, कोणाची गाय, काय खाल्लं. नोंद झाली की मॅनेजरला कळणार होतं. रुचिका म्हणाली, "मी दुसरं नाव टाकते भैयाजी. कोणाला कळणार नाही."

"दुसऱ्याच्या नावानं रिपोर्ट आला तं मले कसं वाटन का तो माहा होय म्हणून? माहंच नाव टाका. काय खाल्लं तेही लिवा."

तिनं लिहिलं. मॅनेजरनं बोलावलं. नमुन्याचं काम काढून घेतलं आणि त्यांना पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर बसवलं. घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "बरं झालं. सूत तरी हाती आलं." काकू हसल्या नाहीत.

रिपोर्टला अकरा दिवस लागले. गाय काही अकरा दिवस थांबत नाही, तिला दोन्ही वेळा पिळावंच लागतं. ज्या माणसानं खिशाच्या शिवणीतला दाणा वाया जाऊ दिला नाही, तो सकाळ-संध्याकाळ बरणीभर दूध मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ओतायचा. आमच्या मागच्या खिडकीतून दिसायचं. एकदम ओतायचे नाहीत, बारीक धारेनं, जमीन पिईल तसं. कोपऱ्यावरचे विश्वनाथ शिंपी एकदा ओरडून म्हणाले, "भैयाजी, नागोबाले दूध पाजून राहिले का गा? आमच्या च्याले तरी देत जा."

"तुह्या च्याले हे नाही चालत विश्वनाथ."

"काहून? पाणी टाकलं का त्यात?"

"पाणी टाकलं असतं तं पेला असता तू," भैयाजी म्हणाले आणि रिकामी बरणी घेऊन आत गेले.

त्या दिवसांत ढवळीला फक्त कडबा मिळायचा. तिची पाठ थोडी उतरली. काकू म्हणायच्या, गाईला कायले शिक्षा? ते म्हणायचे, तिले नाही.

अकराव्या दिवशी रुचिका स्कूटीवरून स्वतः आली. वहिनी गार्गीला कडेवर घेऊन धकात्यांच्या अंगणात गेली, मागून मी गेले. त्या घराच्या उंबऱ्याशी वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा आली होती. भैयाजी उठून उभे राहिले, त्यांना बसा म्हणायचं सुचलं नाही.

"अंश सापडला आहे," रुचिका म्हणाली, "पण दुधाच्या मर्यादेच्या बराच खाली. गाईच्या पोटात गेलेलं बरंचसं शेण-मुतातून निघून जातं. दुधात फार थोडं आलं."

वहिनीनं डोळे मिटले. गार्गीनं तिच्या कानातलं ओढलं.

"पण सापडलं," भैयाजी म्हणाले.

"मर्यादेच्या आत आहे भैयाजी. चालतं तेवढं."

"एक तार तुटली असली तं गिऱ्हाइकाले दिसत नाही मॅडम. विणणाऱ्याले दिसते."

मग वहिनीच म्हणाली, "काकाजी, उद्यापासून भांडं घेऊन येऊ का?"

"महिनाभर थांब माय. आम्ही दोघं पेतो. मंग तू."

रुचिका म्हणाली, महिन्याची काही गरज नाही, चार-आठ दिवस खूप झाले. त्यांनी मान डोलावली आणि महिनाच धरला. गार्गीसाठी आम्ही पाकिटातलं दूध आणत राहिलो. तिला ते आवडायचं नाही, वाटी ढकलायची. तिला झोपवताना एका रात्री वहिनी मला म्हणाली, त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, आणि कळलं नसतं तर मी सुखात राहिले असते. थोड्या वेळानं म्हणाली, म्हणून तर त्यांचंच दूध घ्यायचं.

महिना झाला आणि ते बरणी घेऊन दारात आले. आता ओतण्याआधी सांगायचे. कडबा कुठला, ढेप कोणाकडची, कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, कोणत्या वावरातलं. उमरेडजवळ काकूंच्या भावाची शेती आहे, हरभऱ्याचं आणि तुरीचं कुटार ते तिथूनच आणू लागले होते. न फवारलेलं, शपथ घालून घेतलेलं. हे रोज ऐकून वहिनी वैतागायची.

"काकाजी, गाईचं पंचांग नका वाचू रोज. ओता आता."

"आयकून घे. मंग ओततो."

"नाही आयकलं तं?"

"तं नाही ओतत."

आणि ती ऐकायची. पुढे पुढे गार्गीही दारात येऊन उभी राहायची आणि ते बोलून होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायची. टाळूवर हात ठेवणं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा वहिनीनंच गार्गीला पुढे केलं आणि म्हणाली, "काकाजी, डोकं राहिलं ना हिचं." तेव्हा त्यांनी हात धोतराला पुसला आणि ठेवला.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, कारखान्यात पोतं शिवता शिवता ते मशीनवर वाकले ते उठलेच नाहीत. रुचिकानं त्यांना कारखान्याच्या गाडीत घातलं, पण दवाखान्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकसष्ट.

आता ढवळीचं काकू बघतात. त्यांना परखीतलं काही कळत नाही, पण कुटार कुठून आलं ते विचारून घेतात.

त्या मंगळवारी सकाळी ते नेहमीच्या वेळी आले होते. थंडी होती, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. वहिनीनं भांडं पुढे केलं, त्यांनी दूध ओतलं, बरणीचं तोंड पुसलं आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाले, "भारती, काल उमरेडहून नवं कुटार आलं. साळा म्हणते फवारलं नाही, पण त्याच्या धुऱ्यापलीकडच्या वावरवाल्यानं फवारलं असन तं आपल्याले काय मालूम. दोन दिवस गार्गीले देऊ नको. तुम्ही मोठे लोकं च्यात टाकून पेजा."