ट्रेव्हरची लख्ख रायफल

"शीतल, ही रायफल परत घ्या, नाहीतर मी फोरमवर लिहीन," ट्रेव्हरने फोनवर पहिल्याच वाक्यात धमकी दिली.

मेलबर्नचा मोठा लॉकडाऊन नुकताच उठला होता, पण आमचं ऑफिस उघडलं नव्हतं. ट्रुगानिना या उपनगरातल्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत बसून मी काम करत होते. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर. नोकरी मिळाली ती रायफली आयात करणाऱ्या कंपनीत, वॉरंटी डेस्कवर. आमच्या सात पिढ्यांत कोणी बंदूक हातात धरलेली नाही. आईला मी अजून 'स्पोर्ट्स गुड्स'मध्ये आहे, एवढंच माहीत आहे.

फोरम म्हणजे नेमबाजीच्या शौकिनांचा ऑनलाइन कट्टा. कोणाची रायफल भारी, कुठल्या ब्रँडच्या गोळ्या चांगल्या, कुठली कंपनी फोन उचलते आणि कुठली नुसत्या ईमेल पाठवते, यावर तिथे अखंड जुंपलेली असते. लग्नातले रुसवेफुगवे परवडले. पण ही मंडळी मला मनापासून आवडतात. एखाद्या वस्तूवर इतका जीव लावणारी माणसं आता कुठे भेटतात?

ट्रेव्हर त्यांतलाच. सत्तरी ओलांडलेला, बॅलरॅटकडचा निवृत्त फिटर. दर शनिवारी क्लबात जाऊन कागदी टार्गेटवर नेम धरायचा. त्याचा दोस्त ब्रूस दुसऱ्या कंपनीची रायफल वापरायचा, आणि कोणाची चांगली हा दोघांचा वर्षानुवर्षांचा वाद.

"ग्रूप उघडलाय," ट्रेव्हर म्हणाला. एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या मारायच्या. कागदावर भोकं जितकी जवळजवळ, तितका ग्रूप चांगला. त्याने फोटो पाठवला. ग्रूप चांगला चकलीएवढा पसरला होता.

"गोळ्या बदलल्यास का?" मी विचारलं. प्रत्येक नळीची पत्रिका एखाद्याच ब्रँडशी जुळते, त्यामुळे हा आमचा पहिला प्रश्न.

"तुटवडा आहे, मेट. दुकानदार माणशी एकच बॉक्स देतो. पण ब्रँड जुनाच."

मग डीलरमार्फत रायफल वर्कशॉपला मागवली. टेक्निशियनने तपासली, चालवून पाहिली. काहीही दोष नाही. पाचही भोकं पाच सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली.

"ग्रेट," माझा बॉस क्रेग म्हणाला. "परत पाठव आणि केस बंद कर."

मी आनंदाने ट्रेव्हरला फोन लावला. तो चिडेल अशी माझी तयारी होती. पण तो चिडला नाही.

"म्हणजे माझे हात गेले," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालाच होता, थोडी थरथर आहे. मला वाटलं होतं, रायफलच असेल. असू दे. विकून टाकतो. लायसन्सही परत करतो."

शनिवारचा क्लब गेल्यावर हा माणूस करणार काय? केस बंद करायचं सोडून मी सुचेल ते विचारत सुटले. रायफल ठेवतोस कुठे? गाडीतून नेतोस कशी? घरी आणल्यावर काय करतोस?

"साफ करतो!" त्याच्या आवाजात एकदम जीव आला. "लॉकडाऊनमध्ये दुसरं होतं काय? रोज नळी घासायचो. आत बघून दाढी करता येईल इतकी लख्ख आहे."

"आणि क्लबात गोळ्या किती मारतोस?"

"आता जेमतेम दहा. पुरवायला नकोत? घरी आलो की पुन्हा साफ."

मी कपाळावर हात मारला. ट्रेव्हरच्या रायफलीत घालतात त्या छोट्या गोळ्यांवर मेणासारखा लेप असतो. पंधरा-वीस मारल्या की नळीत त्याचा पातळ थर बसतो आणि मग रायफल नीट चालते. बिडाचा तवा घासून लख्ख केला की पहिली घावनं चिकटतात, तसंच. टेक्निशियन नेहमीप्रमाणे आधी बऱ्याच गोळ्या मारून मगच मोजत होता. ट्रेव्हर पूर्वी अख्खा बॉक्स संपवायचा, तेव्हा हे कधी जाणवलंच नाही. आता त्याची रायफल तापायच्या आधीच घरी जाऊन आंघोळ करत होती.

क्रेगला हे सांगितलं, तर त्याने हात वर केले. "मॅन्युअलमध्ये 'नियमित साफ करा' लिहिलंय. उलटं लेखी द्यायचं नाही."

"लेखी नाही देत. फोन करते."

"साफ करू नको?" ट्रेव्हर कळवळला. "शीतल, मी फिटर होतो!"

"महिनाभर ब्रशला हात लावायचा नाही. आणि दर वेळी पहिला अर्धा बॉक्स कोऱ्या कागदावर."

"अर्धा बॉक्स? या दिवसांत?"

"नाहीतरी विकायचीच आहे ना? मग काय बिघडतं?"

काही आठवड्यांनी शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. "वीस सेंटच्या नाण्याएवढा ग्रूप!"

"वर्कशॉपमध्ये पाच सेंटएवढा आला होता," माझ्या तोंडून निघून गेलं. मी जीभ चावली.

"माहितेय. मधला फरक माझ्या हातांचा," तो म्हणाला. "नो वरीज. ब्रूसचा पन्नास सेंटएवढा आलाय."

मला इतकं बरं वाटलं की फोन ठेवल्यावर मी उगीचच चहा टाकला. सोमवारी कळलं, ट्रेव्हरने फोरमवर आमच्या सर्व्हिसचं तोंडभरून कौतुक केलंय आणि खाली लिहिलंय, 'कंपनी म्हणते, कधीच साफ करू नका.' ते निस्तरण्यात पुढचा आठवडा गेला.

आता तक्रार आली की काय बिघडलं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "तू तिची काय काय काळजी घेतलीस?" निम्मे बिघाड तिथेच सापडतात.