बोरिवलीच्या काकाकुव्याची तपासणी

मावशीने माणसाळलेलं काकाकुव्याचं पिल्लू घ्यायचं ठरवलं आणि ते पारखायला मला बरोबर घेतलं. काका गेल्यापासून घाटकोपरच्या खोल्यांत ती एकटीच बोलते. उत्तर देणारं कुणीतरी तिला हवं होतं. मी दुधाच्या प्रयोगशाळेत काम करते. कुणी ‘अगदी चोख माल’ म्हणालं की मला शंका येते. पर्समध्ये थर्मामीटर टाकला.

दादरला गाडी बदलून बोरिवली. टांगेवाला गावठाणापर्यंत रुपया सांगतो, आठ आण्यांत येतो; आधी ठरवून बसावं. जेवणाचा डबा बरोबर असावा. स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो, कप मात्र आपल्यासमोर धुवून घ्यावा.

पिल्लं विकणाऱ्या रोझीबाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. त्यांच्या भावाने बोटीवरून आणलेली काकाकुव्यांची जोडी मागच्या पडवीत जुन्या लाकडी पिंपात अंडी घालते. पिल्लं लहान असतानाच काढून त्या हाताने भरवतात, म्हणजे ती माणसांची होतात. टोपलीतलं पिल्लू अर्धवट पिसांचं, डोक्यापेक्षा चोच मोठी. मावशीला पाहताच मान हलवत ओरडू लागलं.

“बघ, ओळखलं मला!”

“भूक लागलीय त्याला,” मी म्हटलं.

शेजारी दुसरी टोपली होती, फडक्याने झाकलेली.

“त्यात काय आहे?”

“तो नाय द्यायचा, बाय.”

मी फडकं उचललं. दुसऱ्या पिल्लाच्या गळ्याखाली, खाल्लेलं साठतं त्या पिशवीवर, काळी खपली होती. कडेने पेज झिरपत होती.

“माझ्याच हातानं भाजला,” रोझीबाई म्हणाल्या. “वरून गोरा दिसला म्हणून कुनाला देऊ काय?”

लपवाछपवीचा माझा संशय तिथे संपला. दुसरा सुरू झाला: हात तोच, पातेलंही तेच. शेगडीच्या धगीवर नाचणीची पेज होती. त्यांनी कडा वळवलेला चमचा वरच्या थरात बुडवून ओठाला लावला. “बराबर हाय.” मी न ढवळता थर्मामीटर घातला. वर एकशे पाच अंश फॅरनहाइट, तळाशी एकशे वीस.

“ओठ बरोबर सांगतो, पण फक्त वरचं,” मी म्हटलं. “आणि आतलं भाजणं लगेच दिसत नाही. पुढच्या रविवारी या पहिल्याचा गळा स्वच्छ असेल तर नेऊ.”

“तुला देवळातल्या प्रसादातही खोट दिसेल गं!” मावशीचे डोळे भरले होते.

रोझीबाईंनी पातेलं धगीवरून उतरवलं आणि तळापासून ढवळलं. “हिचं ऐका, मावशी. माझं एक भाजलंच हाय.”

थर्मामीटर त्यांच्याकडे ठेवून आम्ही परतलो.

पुढच्या रविवारी गळा स्वच्छ होता. पिल्लू आता घाटकोपरला असतं, थर्मामीटरही. भाजलेलं रोझीबाईंनीच ठेवलंय. खपली गळली, पण पेज अजून थोडी झिरपते, असं कळतं.

मी कधीही गेले की आमचं पिल्लू मान हलवून नाचतं. मावशी म्हणते, तुझा लळा लागलाय. माझ्या मते ते माझ्या हातातल्या थर्मामीटरला ओळखतं. तो दिसला की पेज येते. खात्री करायला काल मुद्दाम रिकाम्या हाताने, त्याचं पोट भरलेलं असताना गेले. तरी नाचलं.

एका निरीक्षणावरून काही ठरवता येत नाही. आज पुन्हा जाणार आहे.