मेंबरबाई आणि बुडालेला खुंट

मेंबरबाईंना मी पाच वर्षांत एकदाही बसलेले पाहिले नाही. नगरपरिषदेच्या सभागृहात त्यांच्या खुर्चीवर त्यांची कापडी पिशवी बसे. त्या स्वतः खिडकीशी नाहीतर दाराशी उभ्या. घरी गेलो, तर पडवीत फेऱ्या चालू. "बसा की," म्हटले की उत्तर ठरलेले : "तुम्ही बसा मास्तर, तुमचं कागदाचं काम. माजी कामं उभ्यानं करायची."

नव्वदच्या दशकात मनवेलपाड्याच्या बाजूला चाळी झपाट्याने वाढत होत्या. बाई तिथल्या मूळच्या, भातशेतीच्या घरातल्या. महिलांसाठी राखीव जागेवरून निवडून आलेल्या. शिक्षण चौथीपर्यंत. मी घाटावरून आलेला शिक्षक, त्यांचा शेजारी. त्यांचे अर्ज मी लिहीत असे. लिहून झाले की त्या मोठ्याने वाचायला लावत आणि मध्येच अडवत : "हे कोनाला कळेल? सोपं लिवा." वर्गात मुलांना मी हेच सांगत असे, आणि घरी मात्र मलाच ते ऐकावे लागे.

चाळींतल्या बायकांना समाजमंदिर हवे होते. तिथे बालवाडी भरेल, लसीकरण होईल, बारशी होतील. बाईंनी निवडणुकीत तसा शब्दच दिला होता. मी मे महिन्यात जागा पाहिली, पावलांनी मोजली, आणि अर्जात लिहिले : 'तलावालगतची मोकळी, सपाट जागा.' सोबत नकाशा जोडला. बाईंना वाटले, मी तलावाकाठच्या वडाखालच्या उंच बाजूविषयी लिहिले आहे. नकाशा त्यांनी उघडला नाही, आणि मीही तो दाखवला नाही. त्यांनी सही केली. नगरपरिषदेच्या माणसांनी नकाशाप्रमाणे खुंट ठोकले.

ऑगस्टमध्ये एके दुपारी बाई शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, चला." तलाव तुडुंब भरला होता. माझी सपाट जागा पाण्याखाली गेली होती. एकाच खुंटाचे टोक तेवढे वर दिसत होते.

"तुम्ही तळ्याला मे महिन्यात भेटायला गेलात," बाई म्हणाल्या, "तवा ते घरात नव्हतं."

"भराव घातला तर?" मी चाचरत विचारले.

"मग हे पानी जाईल कुटं? आज विहिरीत मुरतंय, उद्या चाळीत शिरेल."

अंतिम ठरावाच्या सभेला मी प्रेक्षकांत बसलो होतो. बाईंनी उभे राहून स्वतःच्याच मागणीला विरोध केला. मागच्या बाकावरचे एक सदस्य हसले. "बाई, मागितलंत तुम्ही आणि नको म्हणताय तेही तुम्हीच? अर्ज झोपेत लिहिला होता काय?" सभागृहात हशा पिकला. बाईंची नजर एकदा माझ्याकडे वळली आणि लगेच परत गेली. "मागनं माजं, चूकही माजी. तसंच लिवून घ्या," त्या म्हणाल्या. मी उठून बोलायला हवे होते. मी बसून राहिलो.

जागा रद्द झाली. तलावाची हद्द पावसाळ्यातल्या पाण्यावरून ठरवावी, असा ठराव झाला. वडाखालची बाजू मात्र खासगी निघाली, आणि दुसरी जागा बाईंच्या मुदतीत मिळाली नाही. बालवाडी त्यांच्या पडवीत भरू लागली; पावसात मुले एका कोपऱ्यात गोळा होत. नळावर बायका ऐकवत, "मेंबरबाई, बारसं काय होडीत करायचं?" पुढची निवडणूक बाई हरल्या.

काही वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. श्रावणात भेटायला गेलो, तर चुळबुळत म्हणाल्या, "पानी कुटवर आलंय, बघून या." मी जाऊन आलो. "तो जुना खुंट बुडालाय," मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग इतकी वर्षे राहून गेलेले बोललो : "बाई, ती जागा मी लिहिली होती. सभेत मी उठायला हवं होतं."

"सही माजी होती ना," त्या म्हणाल्या. मग पुन्हा : "पन उठला असता, तर मला बरं वाटलं असतं."

ती आमची शेवटची भेट.

अजूनही लोक माझ्याकडे अर्ज लिहून मागायला येतात. रस्ता असो, दवाखाना असो, मी आधी कागद काढत नाही. चपला घालतो.