माहेरी राहिलेला कागद

"या लोकांच्या पोटाला चेनच बसवून दिली पाहिजे. दरवेळी उघडायला बरं."

डॉक्टर हे बोलले तेव्हा मी टेबलावर आडवी होते. साडी वर सरकवलेली. दोन सिस्टर हसल्या. डॉक्टरांच्या पेनाचं टोक माझ्या पोटावरच्या जुन्या टाक्यांवर टेकलेलं होतं. कळा सुरू होऊन चार तास झाले होते.

मी एवढंच विचारलं होतं, "साहेब, पयलं सिझर झालं. या खेपेले नॉर्मल नाही होऊ शकत काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सिस्टरला विचारलं, "कोणत्या वस्तीतली?" तिनं सांगितलं. "मागचा कागद आहे?" कागद नव्हता. "कागद नाही आणि वर अक्कल शिकवते." मग ते चेनचं बोलले.

सिस्टरनं शाईचं पॅड आणलं. मी म्हटलं, "मले सही येते. मी दहावी पास हाये." तिनं ऐकलं. ऐकूनही माझा अंगठा धरला, शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. त्यावर काय लिहिलंय ते मी विचारलं. "तुले कायले पाह्यजे?" नवऱ्याला बाहेरच थांबवलेलं. हात तिच्या मुठीत, कळ आलेली, तोंडात पदराचा बोळा. उठून जाणार कुठं? मी तशीच पडून राहिले. पोरगी झाली. धडधाकट झाली. तिला पाहून रडले, पण ते सगळं आनंदाचं नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. सासरी, नेरकडच्या आमच्या गावात गाड्या यायच्या, जीव देऊन मेलेल्या शेतकऱ्याचं घर विचारायच्या, फोटो काढून जायच्या. जित्या बायांना कुणी काही विचारत नव्हतं. दोनदा कापलेलं पोट घेऊन मी वेचणीला गेले. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत गेला की तिचं सगळं ओझं नेमकं टाक्यांवर यायचं. मी मागे पडायचे. पुढच्या हंगामात बायांनी मला टोळीत घेतलंच नाही. त्यांचाही राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं?

पोरगी चार महिन्यांची असताना माहेरी गेले. झरी जामणीकडे, एका जंगलाकाठच्या गावात. आईनं टोपडं काढायला पत्र्याची पेटी उघडली. साडीच्या घडीतून एक कागद पडला. माझ्या पहिल्या सिझरचा.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. बाई आणि बाळ परत जातात, दवाखान्याचा कागद तिथेच राहतो. कुणाच्या डोक्यातच येत नाही की तो पुढे लागेल. माझ्याही नाही आला. आई म्हणाली, "हरपीन म्हून सांभाळून ठेवला, माय."

गावच्या नर्सबाईनं वाचून दाखवला. आतला, गर्भपिशवीवरचा छेद आडवा, खालच्या बाजूला. पुढचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करावं, नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. त्या कागदावर माझं अर्धं आयुष्य लिहिलेलं होतं आणि ते शंभर मैलांवर घडी करून ठेवलेलं. मला आईवर ओरडावंसं वाटलं. तिला अक्षर येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी मागितला नव्हता. कागदाशिवाय डॉक्टरला भीती वाटली असेल, तेही मी मान्य करते. पण हसायला कोणता कागद लागतो?

त्यानंतर मी एका संस्थेकडून बाळंतपणाबद्दलचं शिक्षण घेतलं. आता विहाराच्या ओसरीवर गरोदर बायांना शिकवते. घरी बाळंत व्हा असं मी कधीच सांगत नाही. वरचे टाके पाहून आतला छेद कळत नाही, म्हणून आधी माहेरचा कागद आणा, हे सांगते. गावात मला टाक्याची मास्तरीण म्हणतात. म्हणू देत.

सुरेखा वर्गात यायची. वेचणीला जाणारी, पहिलं सिझर झालेली. नवव्या महिन्यात तिला त्याच दवाखान्यात नेलं. तेच डॉक्टर. मी तिचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोटानं मागे सरकवला.

"तू हिची वकील आहेस का?"

"नाही साहेब. हिची ताई हाओ. वाचा ना."

"परवा ऑपरेशन. अंगठा द्या, नाहीतर घेऊन जा हिला."

पॅड पुढे आलं. खरं सांगते, दे बाई एकदाचा, असं म्हणावंसं वाटलं. सुरेखानं मूठ आवळली. "पयले काय लिवलं ते सांगा. मंग मी सही करीन."

त्यांनी आम्हाला हाकललं.

यवतमाळला एका डॉक्टरबाईंनी कागद वाचला. टाका फाटण्याचा धोकाही सांगितला, सिझरचा धोकाही सांगितला. ऑपरेशनची तयारी ठेवून प्रयत्न करू म्हणाल्या. कळा आल्यावर सात तास प्रयत्न झाला. मग बाळाचे ठोके मंदावले. सुरेखानं माझा हात दाबला. "ताई, बाळ थकून राह्यलं म्हन्ते बाई. कापू द्या." तिनं स्वतः सही केली. पोरगा झाला, दोघं सुखरूप.

गावात आलो तर तिच्या सासूनं वेशीतच गाठलं. "झालं काय नॉर्मल? काय मिळालं मास्तरणीले?" बाया हसल्या. मी घरी येऊन रडले. वर्ग बंद करावा असंही वाटलं.

दोन दिवसांनी सुरेखाला भेटायला गेले. म्हणाली, "ताई, मले इचारलं. आजलोक कोनीच नवतं इचारलं."

पुढच्या आठवड्यात वर्ग भरवला. पाच बाया आल्या, त्यातली एक आधी कापलेली. तिला घेऊन मी त्याच दवाखान्यात जाणार आहे, यवतमाळला नाही. दरवेळी पळून जायचं म्हटलं तर तो दवाखाना कायम त्यांचाच राहील. हाकललं तर बाहेरच्या बाकावर बसेन. बाकावरून उठवलं तर दारात उभी राहीन. सुरी चालवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, त्यांना ते कळतं. पण पोट तिचं आहे. तिला विचारल्याशिवाय आणि तिनं हो म्हटल्याशिवाय त्याला हात लावू देणार नाही.